फुकटची झाडलोट

"अहो, इकडं या. हातातलं सोडा नि आधी इकडं या."

हे स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात धरून आले नि माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघायला लागले. पडद्यावर माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडलं होतं. म्हणजे उघडायला हवं होतं. तिथं मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, जी, के, आर, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण. पहिल्या पानापासून चौपन्नाव्या पानापर्यंत नुसता कचरा.

"व्हायरस असेल," हे म्हणाले.

"सकाळी मी भाजीला गेले तेव्हा तुम्ही काय केलंत कॉम्प्युटरला?"

"काही नाही. रविवारची झाडलोट केली, बस."

मी खुर्ची ह्यांच्याकडं वळवली.

ही रविवारची झाडलोट काय प्रकार होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन हजार आठ सालची गोष्ट. आम्ही संगमनेरला राहत होतो, अजूनही तिथंच राहतो. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही तर तुम्ही कोण? अकरा वर्षं अशीच गेली होती. आमचे हे, भालचंद्र देवकर, पूर्वी चौदा टाइपरायटरांची स्वतःची टायपिंगची संस्था चालवायचे. ती बंद पडून पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून हे घरी, नि घरी एक कॉम्प्युटर.

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर दर महिन्याला सीडी मिळायची. 'घरगुती वापरासाठी उपयुक्त मोफत साधनं' असं वर छापलेलं. ह्यांना तेवढंच पुरे. फुकट ते पौष्टिक! मासिक दाराशी पडलं की हे चष्मा पुसत बसायचे नि रविवार उजाडला की एकेक साधन कॉम्प्युटरात भरायचे. एक नको त्या फाइली झाडून काढायचं. त्याच्या चित्रात केरसुणी होती म्हणून मी त्याला झाडूवाला म्हणायचे. एक जुळ्या फाइली शोधायचं. एक पुसलेल्या फाइलींचे असे तुकडे करायचं की ब्रह्मदेव आला तरी जोडता येऊ नयेत. एक उरलेल्या फाइलींना रांगेत उभं करायचं. अँटिव्हायरस तर दोन होते. ते एकमेकांनाच व्हायरस समजून भांडत बसायचे. इंटरनेट उघडलं की वर नसत्या बटणांच्या सहा पट्ट्या, नि खाली बघायला जागा चार बोटं. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर वेग वाढावा म्हणून! नि कॉम्प्युटर सुरू व्हायला कुकरच्या तीन शिट्ट्या लागायच्या.

"आज नवीन कोणतं आणलंत?" मी विचारलं. आवाज मी मुद्दाम खाली ठेवला होता.

ह्यांचा चेहरा फुलला. "फॉन्ट निवडायचं. अगं, दोनशे सतरा फॉन्ट होते! दोनशे सतरा! माणसाला एवढे लागतात कशाला? त्यानं अशी यादीच दिली समोर. मी नऊ ठेवले."

"नि बाकीचे?"

"काढले की."

"माझा फॉन्ट?"

"तुझा कुठला?"

"डीटीपीवाल्या सोनकुसळ्यांनी फ्लॉपीवर दिलेला. नावात एस, के नि पुढं आकडे होते."

गाळण्यातून चहाचा थेंब फरशीवर पडला. ह्यांनी तो पायानं पुसला. "ते फॉन्टचं नाव होतं होय? मला वाटलं काहीतरी कचरा आहे. धड नावच नव्हतं गं त्याला."

आता मोबाइलवर कुठंही मराठी उमटतं. तेव्हा तसं नव्हतं. ज्या फॉन्टात टाइप केलं तो त्या कॉम्प्युटरवर असला तरच मराठी दिसायचं, नाही तर हा असा इंग्रजी कचरा. फाइल जागेवर होती, पण ती वाचायची किल्लीच ह्यांनी फेकून दिली होती. पेनड्राइव्हवर मी एक प्रत ठेवलेली, ती लावून बघितली. तिथंही तेच.

"रिसायकल बिनमधून परत काढा," मी म्हटलं.

"ते झाडूवाल्यानं रिकामं केलं."

"मग पुसलेलं परत आणायचं साधन आहे ना? गेल्या महिन्यात केवढ्या कौतुकानं दाखवत होता मला."

"आहे. पण त्याच्या आधी तुकडे करणारं चालवलं. नि मग रांगेत लावणारं."

"शाब्बास! घरात चोर शिरला तरी एवढं साफ करून जात नाही हो!"

हे गाळणं घेऊन आत गेले.

मंगळवारी पाचच्या आत प्रबंध पुण्याला विद्यापीठात पोचवायचा होता. दोन मुदतवाढी आधीच घेऊन झालेल्या. तिसरी मिळत नाही. चुकलं की नोंदणी रद्द, म्हणजे सहा वर्षांचं काम पाण्यात. नि ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एका कायम जागेची मुलाखत होती. पीएच.डी. असेल तर ती जागा माझी, नसेल तर बाहेरचा कुणीतरी येऊन बसणार नि मी पुन्हा तासांची भीक मागत फिरणार. मी त्रेचाळीस वर्षांची होते. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत माझी निवृत्तीच आली असती.

बाकीची प्रकरणं छापून तयार होती. अडकलं होतं चौथं, नि नेमकं तेच प्रबंधाचा जीव होतं. संगमनेरातल्या चाळीस विडी कामगार बायकांनी आपल्या तोंडानं सांगितलेलं त्यांचं आयुष्य. त्यांच्या ओट्यावर बसून, तंबाखूच्या वासानं डोकं चढेपर्यंत मी ते टेप केलं होतं. घरी येऊन टेप ऐकत ऐकत थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचे. कागदावर काही उतरवलंच नाही. नि काटकसरीची हौस मलाही कमी नव्हती, त्याच कॅसेटी पुसून पुढच्या बाईला वापरल्या. चाळिसांतल्या तिघी तोवर वारल्या होत्या. त्यांचं म्हणणं जगात कुठं असेल तर ह्या चौपन्न पानांत. शनिवारीच शेवटच्या दुरुस्त्या संपवल्या होत्या, रविवारी छापायचं होतं.

मी सोनकुसळ्यांना फोन लावला. सोनकुसळे म्हणजे डीटीपीचं दुकान चालवायचे, कुठून कुठून अक्षरं जुळवून त्यांनी तो फॉन्ट घरीच बनवला होता. फोनवर बाईनं सांगितलं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. त्यांच्या शेजाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "सोनकुसळे दुकान विकून मेव्हण्याकडं गेले वापीला. गेल्याच वर्षी. पत्ता नाही ठेवला."

पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी बसस्टँडमागच्या डीटीपीवाल्याकडं गेले. त्यानं एकेक करून चार फॉन्ट लावून बघितले. अक्षरं मराठी यायची, पण त्यांचं मिळून काय म्हणायचं ते देवालाच ठाऊक.

"मॅडम, हे कुणाचं तरी घरगुती काम दिसतंय," तो म्हणाला. "आपल्या कुठल्याच फॉन्टाशी जुळत नाही. मूळ हस्तलिखित द्या, टाइप करून देतो."

"किती दिवसांत?"

"लग्नसराई आहे. पत्रिकांची गर्दी आहे. पंधरा दिवस धरा."

पंधरा दिवस! त्याला काय बोलणार? त्याचा काय दोष? दोष घरात चहा पीत बसला होता.

घरी आले तर छपाई यंत्राची घरघर चालू. खाली पानांचा ढीग पडलेला. मी एक पान उचललं. तोच कचरा, आता कागदावर.

"हे काय करताय?"

"सगळी पानं छापली. म्हटलं पडद्यावर दिसत नाही, पण कदाचित प्रिंटरला कळेल. त्याच्यात वेगळे फॉन्ट असतात म्हणे."

"चौपन्न पानं? एक छापून कळलं नाही तुम्हाला?"

"मध्येच कुठंतरी सुधारेल असं वाटलं."

"शाई संपवलीत?"

"थोडी असेल अजून." ह्यांनी दुसरी सीडी पुढं केली. "हे बघ, ह्याच्यात मोफत मराठी फॉन्ट आहेत. पाचच मिनिटं थांब. आणखी एक साधन आहे, ते म्हणे फाइलच दुरुस्त..."

तेवढ्यात दिवे गेले. रविवारी दुपारी एक ते पाच आमच्या भागात भारनियमन असायचं, ते रागाच्या भरात मी विसरलेच होते. पंखा थांबला. पडदा काळा झाला. नि माझा बांध फुटला.

"बास करा हो!" मी ओरडले. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं, डोकावू दे. "बास करा तुमची साधनं! पाच वर्षं हेच चाललंय. हे साफ कर, ते साफ कर, ह्याचा वेग वाढव. कशासाठी वाढवायचाय वेग? तुम्हाला जायचंय कुठं?"

"तुझंच काम लवकर व्हावं म्हणून..."

"माझं काम! माझ्या कामाला हात लावायला कुणी सांगितलं होतं? स्वतःची चौदा मशिनं भंगारात घातलीत ना? आता माझी सहा वर्षं घाला. तुमची विद्या भंगारात गेली, म्हणून माझीही गेलीच पाहिजे का?"

बोलून गेले मी. बोलल्यावर कळलं काय बोलले ते. हे खुर्चीतून उठले. कानावर अडकवलेली तांबडी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. संस्थेच्या दिवसांपासून ती पेन्सिल ह्यांच्या कानावर असायची, पोरांच्या कागदावरच्या चुकांना गोल करायला. मीसुद्धा त्या पोरांतलीच. लग्नाआधी दोन वर्षं ह्यांच्याकडंच मराठी टायपिंग शिकले होते, तांबड्या गोलांनी भरलेले माझे कागद अजून ट्रंकेत आहेत.

"माझंच चुकलं," हे म्हणाले. छापलेली पानं गोळा करून मागच्या पडवीत गेले. मी हाक मारली नाही. माझा राग तेवढा संपला नव्हता.

संध्याकाळी मार्गदर्शक पंडागळे मॅडमचा फोन आला. "कुंदा, झालं ना सगळं? मंगळवारी पाच म्हणजे पाच हं. सव्वापाचला दार उघडत नाहीत ते."

"हो मॅडम," मी म्हटलं. काय सांगणार? नवऱ्यानं झाडलोट केली म्हणून सांगू?

त्या दिवशी आम्ही दोघांनी एका कढईतलं पिठलं दोन वेगळ्या खोल्यांत बसून खाल्लं.

सोमवारी सकाळी मी कॉलेजात रजा सांगितली नि वही घेऊन बसले. आठवेल तेवढं लिहून काढायचं, दुसरा मार्गच नव्हता. दोन तासांत चार पानं झाली. तीही माझी भाषा झाली. त्या बायका अशा बोलतच नव्हत्या. यमुनाबाई 'पोटाला चिमटा' म्हणाल्या होत्या की 'पोटाला फडकं'? एक शब्द आठवेना नि जो आठवायचा त्याच्यावर विश्वास बसेना. रडू यायला लागलं. रडायलाही वेळ नव्हता, म्हणून मी पाणी प्यायला उठले.

पडवीत हे पायरीवर बसले होते. मांडीवर तीच छापलेली पानं. आदल्या दिवसापासून हे त्यांच्याकडं बघत होते. माझं लक्ष ह्यांच्या हाताकडं गेलं. दोन्ही हातांची बोटं मांडीवर हलत होती. डावं, उजवं, डावं. थांबायची, पुन्हा हलायची.

"काय चाललंय?" मी विचारलं. आवाजात अजून धार होती.

"कुंदा," हे म्हणाले, "तू टाइप करताना कुठल्या बटणांनी करायचीस?"

"कुठल्या म्हणजे? तुम्ही शिकवलेल्याच. टाइपरायटरसारखीच बटणं होती त्या फॉन्टाला. म्हणून तर घेतला."

"म्हणजे कॉम्प्युटरला तू मराठी लिहिलंसच नाहीस. तू बटणं दाबलीस. हे बघ." ह्यांनी पानावर बोट ठेवलं. "जी, के, आर. इंग्रजीतलं जी कुठं असतं? डाव्या हाताच्या पहिल्या बोटानं, आत सरकून. मराठी मशिनवर तिथं काय आहे?"

माझं बोट आपोआप हललं. "ह."

"के?"

"काना."

"आर?"

"त." नि मग मी म्हटलं, "हात."

"हा कचरा नाही गं. तुझी बोटं जिथं जिथं पडली, ते सगळं छापलंय ह्यात. फॉन्ट नाही म्हणून तो मराठी दाखवत नाही. पण दाबलेलं बटण कुठं जातंय?" ह्यांनी पान खाली वर केलं. "सकाळपासून सात पानं वाचली मी. काही खुणा लागत नाहीत, त्या तुला विचाराव्या लागतील. पण वाचता येतंय."

मी पायरीवर ह्यांच्या शेजारी बसले. हसू यावं की ह्यांच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना. सकाळपासून वाचता येतंय, नि हा गृहस्थ मला हाक मारत नाही!

"मग सांगितलं का नाहीत?"

"माझ्या कामाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, असं तूच म्हणालीस ना?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. दिवे नऊलाच गेलेले, ते एकला यायचे, नि पाचला परत जायचे. टाइपरायटरच्या बटणांचा एकही मराठी फॉन्ट घरात नव्हता. कृपा ह्यांचीच.

"दिवे आल्यावर बाजारातनं एखादा फॉन्ट आणू," मी म्हटलं. "मग तुम्ही सांगा, मी टाइप करते. पण चौपन्न पानं..."

"दिवे कशाला पाहिजेत?" हे म्हणाले नि स्टूल शोधायला आत गेले.

माळ्यावर ह्यांनी एक मशिन ठेवलं होतं. चौदांपैकी तेरा भंगारवाल्यानं नेली, चौदाव्याला ह्यांनी हात लावू दिला नव्हता. दर वर्षी खंडेनवमीला ते खाली यायचं. हे त्याला पुसायचे, तेल घालायचे, हळदकुंकू नि झेंडूचं फूल वाहायचे नि परत प्लास्टिकात गुंडाळून वर. मी दर वर्षी चिडवायचे, "देव नवसाला पावतो का हो हा?" हे म्हणायचे, "राहू दे, तुला काय करायचंय?"

आता ते टेबलावर आलं. कॉम्प्युटर उचलून जमिनीवर ठेवावा लागला, टेबल एकच होतं. बटणं चालत होती, घंटी वाजत होती. रिबीन मात्र वाळून खडक झालेली. मी म्हटलं, झालं, आता हेही! ह्यांनी शिक्क्याची शाई शोधली, माझ्या शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब त्यात टाकले, नि जुन्या बनियनचा बोळा करून ती रिबीन फूटभर फूटभर भिजवत बसले. अर्धा तास गेला. मी घड्याळाकडं बघून दात खात होते. मग ह्यांनी कागद चढवला, तांबडी पेन्सिल कानावर ठेवली, छापलेलं पहिलं पान डाव्या बाजूला टेकवलं, नि सुरू झाले.

पाच वर्षांनी तो आवाज घरात घुमला. हे मशिनकडं बघतच नव्हते. डोळे त्या इंग्रजी कचऱ्यावर, बोटं मराठीवर. तिकडं जी दिसला की इकडं ह पडायचा. ओळ संपली की घंटी, गाडी मागं, पुन्हा पुढं. मला फक्त न लागणाऱ्या खुणा विचारायचे.

"टक्क्याची खूण?"

"जोडाक्षरातला अर्धा... थांबा, पुढं काय आहे? हां, विसर्ग असेल. नाही, विसर्ग नाही, 'त्त' आहे तो, शब्द 'पत्ता' आहे."

"नक्की का ते सांग. अंदाजे नको."

"पत्ता! पत्ताच!"

एका कागदावर आम्ही सत्तावीस खुणा लिहून भिंतीला चिकटवल्या. दहाव्या पानानंतर हे विचारायचेही बंद झाले. पान निघालं की मी तपासायचे. दोन वेळा चूक सापडली, तर ह्यांनी माझ्या हातून कागद घेऊन स्वतःच स्वतःच्या चुकीला गोल केला, नि अख्खं पान पुन्हा मारलं. मी म्हटलं, "पांढरी शाई लावू ना!" तर म्हणाले, "प्रबंध आहे, किराण्याची यादी नाही." वेळ संपत चालला होता नि हा माणूस पानं फाडत होता. माझा जीव टांगणीला लागलेला, पण बोलायची सोय नव्हती. एकदा बोलून झालं होतं.

दिवे आले, गेले. आम्हाला फरक पडला नाही. मी पोहे केले ते ह्यांनी डाव्या हातानं खाल्ले, उजव्यानं पान चढवत.

पाच वाजून गेले असतील. सदतिसावं पान चालू होतं. मशिन एकाएकी थांबलं.

मला वाटलं रिबीन तुटली. "काय झालं?"

हे मशिनमधल्या कागदाकडं बघत होते. टाइप करणारा माणूस वाचत नसतो, फक्त उतरवत असतो. संस्थेत हे पोरांना तेच शिकवायचे, अर्थाकडं बघू नका, बोट चुकतं. मी वाकून बघितलं. नरसाबाई गुंडूंचं होतं ते. आमच्या गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या विडी कामगार. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यावर कारखान्यानं त्यांना पानं द्यायची बंद केली होती. मी भेटले तेव्हा त्या ओट्यावर बसून रिकाम्या हातानं बोलत होत्या. कागदावर ताज्या शाईत उमटलं होतं,

'दिसत नाही मला काही. पण बसले की हात चालतो. पान नसलं तरी चालतो. सून हसते. मी काय करू? कारखान्यानं मला घरी बसवलं, बोटांना कुणी सांगितलंच नाही.'

"ह्या बाई आहेत का अजून?" ह्यांनी विचारलं.

"नाहीत. मागच्या पावसाळ्यात गेल्या."

ह्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. मला आदल्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात काढ," हे म्हणाले. "ओळ वाकडी जाईल."

चौपन्नावं पान संपलं तेव्हा बाहेर जेमतेम अंधार पडला होता. ह्यांची बोटं सुजली होती. मी गरम पाणी दिलं तर त्यात हात घालून हे बसल्या जागी झोपले.

मंगळवारी सकाळी हे आंघोळीला गेले होते तेव्हा मी एक पान काढून फेकलं नि मशिनवर बसून दुसरं टाइप केलं. पंचवीस वर्षांनी बसले होते त्याच्यावर. मग सगळी पानं झेरॉक्सला नि बाइंडरकडं, दुपारची एसटी, नि पुणे. चार वाजून चाळीस मिनिटांनी मी विद्यापीठाच्या खिडकीशी होते. पंडागळे मॅडम वाटच बघत होत्या. त्यांनी प्रत चाळली नि मध्येच थांबल्या.

"कुंदा, हे चौथं प्रकरण टाइपरायटरवर केलंय? आजच्या काळात?"

"नियमात लिहिलंय मॅडम, 'प्रबंध टंकलिखित असावा'."

त्या हसल्या. खिडकीतल्या माणसानं पोच दिली. ती पोच मी घरी येईपर्यंत मुठीत धरली होती. ऑगस्टमधली ती जागा मला मिळाली. परवाच्या मे महिन्यात त्याच जागेवरून निवृत्त झाले.

पण त्या मंगळवारी घरी पोचले तेव्हा हे कॉम्प्युटरपुढं बसले होते. तो पुन्हा टेबलावर आला होता, नि मशिन त्याच्या शेजारी, दाटीवाटीनं. माझ्या कपाळावर आठी चढली.

"आता काय भरताय त्यात?"

"काढतोय. सगळी साधनं काढून टाकतोय." हे खजील होऊन म्हणाले, "पण ती काही केल्या निघत नाहीत गं. ती काढायचं एक वेगळं मोफत साधन आहे, तेवढं एकच घालावं लागलं."

कपाळाला हात लावण्यापलीकडं मी काय करणार? घरची बांधलेली प्रत मी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी सवयीनं कानावरची तांबडी पेन्सिल काढली नि पहिल्यापासून उलटायला लागले. ऋणनिर्देशाच्या पानाशी थांबले. जुन्या पानावर ह्यांच्या नावाची सहकार्याबद्दल आभाराची एक ओळ होती, सगळ्यांच्या प्रबंधात नवऱ्यांची असते तशी. सकाळी मी बदललं ते हेच पान. हे ओठ हलवत वाचत होते.

'चौथ्या प्रकरणाचे वाचन व टंकलेखन : श्री. भालचंद्र देवकर, टंकलेखन शिक्षक, संगमनेर.'

ह्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली, 'शिक्षक'च्या अलीकडं.

"इथं 'माजी' राहिलं," हे म्हणाले.

"नाही राहिलं," मी म्हटलं नि पेन्सिल ह्यांच्या हातून काढून घेतली.